सुधाच्या मापाची सीट

चहा घ्या, पण पडवीतल्या त्या फायबरच्या सीटवर बसू नका. ती सुधाची, माझ्या बायकोची आहे.

आजारपणात तिची पाठ कुठल्याच खुर्चीला टेकेना. तेव्हा होड्यांना फायबर लावणारा माझा मित्र रमाकांत नाटे गावाहून आला. त्याने अंगणातच तिला ओल्या वाळूत बसवून साचा घेतला.

"भावजी, होडी करताय की बायको?" सुधा म्हणाली.

पावसाळी हवेत फायबर वाळेचना, चिकटच राहिलं. सीट तयार झाली तोवर सुधा निम्मी झाली होती. बसवलं, तर एका बाजूला कलंडली.

"अहो, कुणाच्या मापाची केलीत?"

"तुझ्याच," मी म्हणालो.

"मग तिलाच बोलवा की!"

त्याच आठवड्यात ती गेली. मी अजून दोघींनाही बोलावतोय.