समजा, हिचं नाव श्वेता

नको, तिथंच बसा मॅडम, ओट्यावर. आत नाय. — खुर्ची देते, खुर्ची काय कुणालाही देतो आमी, पण उंबऱ्याच्या आत नाय यायचं. सॉरी बोललात ना? ऐकलं मी. आता पुन्हा बोललात तर उठून जाईन. समोर हायवेला गाडीला गाडी घासली की लोक सॉरी बोलतात आणि निघतात, रोज कानावर येतं, गॅरेजवाल्याची बायको हाय मी. तो शब्द इथं आणू नका. राग? नाय हो, राग नाय आला मला. राग परवडला. किळस आली. त्या ट्रेनिंगची, त्या माईकची, त्या हसणाऱ्या तोंडांची — अजून येते, भात कालवायला बसले की येते, घास फिरतो तोंडात. आणि तुमी आलात चांगली ओढणी घेऊन, हात जोडून, अक्षदा मॅडम, समुपदेशक.

मी आरोग्य केंद्राची आशाताई हाय, ट्रेनिंगं काय कमी केलीत? क्षयरोगाचं केलं, कुष्ठरोगाचं केलं, बाळाला गुंडाळायचं कसं त्याचं केलं — कापडाची बाहुली देतात, ती गुंडाळायची, आमी सगळ्या पोरं झालेल्या बाया, तरी गुंडाळतो मुकाट. पण हे तुमच्या संस्थेचं नवीन — तरुण पोरापोरींच्या मनाचा कार्यक्रम. कर्जतला मंगल कार्यालयात सगळे गोल करून बसवलेले, आशा, सिस्टर, हायस्कूलचे मास्तर, दवाखानेवाले डॉक्टर. मागं आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच, थर्माकोलचे मोर, आणि त्या मोरांच्या पुढं उभे राहून तुमचे सर सांगतात — डोळे मिटा, श्वास घ्या, आपल्या आतल्या लहान मुलाला भेटा. कशाला भेटा? घरात एक मोठं हाय, त्याला भेटता येत नाय तर — जाऊ द्या.

आणि खरं सांगू? पहिल्या दिवशी मला आवडलं. हो, आवडलं, खोटं कशाला बोलू. ऐकायचं कसं ते शिकवलं ना — समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाय, 'मी तुझ्या वयाची होते तेव्हा' असं सुरू करायचं नाय, सल्ला द्यायचा नाय — मी घरी येईपर्यंत घोकत आले. वाटलं, करून बघू. आणि केलं पण. आरोही जेवायला बसली, मी समोर बसले, हात मांडीवर, नजर तिच्याकडं, शिकवलं तशी. ती बोलली, काय गं आई, अशी काय बघतेस? मी बोलले, काय नाय, ऐकतेय. ती बोलली, मी कुठं काय बोलले? — आणि ताट घेऊन उठून गेली.

तेव्हा मला काय माहीत, तिचं सगळं बोलून झालंय म्हणून. तुमच्याजवळ. कॉलेजातल्या त्या खोलीत. नाय, मला काय सांगितलं नव्हतं तिनं. 'आमच्या कॉलेजला एक ताई येतात, चांगल्या हायत', एवढंच बोलली. मला वाटलं शिवणकामाच्या ताई.

दुसऱ्या दिवशी विषय काय? गुप्तता. फळ्यावर ही मोठी अक्षरं. आपल्याजवळ आलेलं आपल्याजवळच राहील — सगळ्यांकडून म्हणून घेतलं, पोरांकडून पाढे म्हणून घेतात तसं. आणि ते म्हणून होतंय तोवर सर बोलतात, आता एखादी खरी केस कोण सांगतंय? नाव बदलून हां! — नाव बदललं की झालं! आणि तुमी उठलात. उठलात ना? कुणी ढकललं नव्हतं. 'समजा, हिचं नाव श्वेता.' श्वेता भिवपुरीची, बाप वीजघरात क्लार्क, आई घरीच. सगळं बदललंत मॅडम, मनापासून बदललंत, मी नाय म्हणत नाय. श्वेताला सकाळ झाली की भीती वाटते, आज काय तरी होणार अशी, आणि काय होणार ते तिला सांगता येत नाय. मी मान हलवत होते. बिचारी, बोलले मनात, कुणाची पोर असंल. आणि मग तुमी बोललात, ही मुलगी ठोकलेल्या गाड्यांमध्ये जाऊन बसते. स्टिअरिंगसमोर. काचा वर करून. तास न् तास.

आता मला सांगा, या कर्जत-खालापुरात ठोकलेल्या गाड्या कुणाच्या अंगणात असतात? तुमी बाहेरच्या, तुमाला कुठलं माहीत असायला. इथं नावानं कोण कुणाला ओळखतो? घाटात गाडी पडली की क्रेन ती उचलून आणते कुठं, तर चौक गावात, दशरथच्या गॅरेजला, म्हणजे आमच्याच. शेंबडं पोर पण सांगेल. भिवपुरीत कुठल्या आल्या ठोकलेल्या गाड्या? तिथं वीजघर हाय, हायवे कुठाय? — एकेक मान वळली. सिस्टरची वळली, डॉक्टरांची वळली, आणि मी वेडी अजून श्वेताचीच कीव करत बसलेली. शेजारी आवडी होती, वरच्या वाडीवरची आशा, आमची जुनी मैत्री. तिनं माझा हात धरला. असा घट्ट. तेव्हा कळलं मला. माझं मला नाय कळलं बघा, तिच्या हातामुळं कळलं.

दिसायची तर. मला नाय दिसणार? स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं यार्ड दिसतं. बसायची ती गाडीत, मला वाटायचं, कुणाचा तरी फोन असंल, वय हाय, आज ना उद्या सांगेल. सासूबाई बोलायच्या, माणसं मेलेल्या गाड्या त्या, पोरीला काय तरी लागलं असंल, लिंबू-मिरची बांध. बांधली मी. गाडीच्या बाहेरच्या आरशाला बांधली, ती आत बसलेली असताना. तिनं बघितलं माझ्याकडं काचेतून, आणि मी हसले आणि घरात आले. आणि ती का बसते ते मला माईकवर कळलं. सगळ्या तालुक्याबरोबर कळलं. त्या गाडीत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, म्हणून तिथं बसलं की भीती वाटत नाय — असं बोलली ती? हेच शब्द? मान हलवू नका नुसती, सांगा. हेच शब्द? … बरं.

इथवर पण गिळलं असतं मी. पण सर बोलले, वा! छान केस! टाळ्या! — वाजवल्या लोकांनी, काय करतील, सांगितलं की वाजवतात. मग बोलले, आता हेच आपण नाटक करून बघू या. श्वेता कोण होणार? हायस्कूलचे ते मिशीवाले मास्तर उठले, त्यांना गॅदरिंगपासूनची हौस. कुणाची तरी ओढणी घेतली डोक्यावर. आणि समुपदेशक? सरांनी हॉलभर नजर फिरवली आणि बोट केलं — त्या कडेच्या ताई, या या, लाजू नका. त्यांना माहीत नव्हतं, पण ज्यांना कळलं होतं ते खाली बघत बसले. कुणी तोंड उघडलं नाय. तुमी पण नाय. काय, तुमाला पण तेव्हा माहीत नव्हतं मी तिची आई हाय ते? बरं, धरते खरं.

गेले मी. नाय गेले असते तर ज्यांना कळलं नव्हतं त्यांना पण कळलं असतं. बसले मास्तरांसमोर. मास्तरांनी हात असे हवेत धरले, स्टिअरिंगसारखे, आणि पीं पीं केलं तोंडानं. हसले सगळे. मी बोलले, काय झालं बाळा? — शिकवलं होतं तसं, हळू आवाजात. मास्तर बारीक आवाज काढून, 'माझी आई मला समजूनच घेत नाही हो!' मागून कुणी तरी शिट्टी मारली. मी बोलले, सांग, मी ऐकतेय. तर मास्तर, 'आईला सगळ्या गावच्या पोरींची काळजी, माझी सोडून!' — हे त्या मेल्याला कुणी सांगितलं? कुणी नाय. नाटकात काय तरी बोलायचं म्हणून बोलला, आणि नेमकं — बसले मी ऐकत. तोंड उघडलं नाय. सल्ला दिला नाय. 'तुझ्या वयाची होते' बोलले नाय. आणि सर टाळी वाजवून बोलतात, बघा, याला म्हणतात ऐकणं! पुन्हा टाळ्या. आणि लगेच समोसे आले. लोक हिरवी चटणी मागून मागून घेत होते. शिसारी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, मॅडम.

आमच्या ह्यांना त्याच संध्याकाळी समजलं, खोपोलीचा एक टेंपोवाला ब्रेक दाखवायला आला होता त्याच्याकडून. ह्यांनी सकाळी क्रेन बोलावली आणि यार्डातल्या सगळ्या गाड्या माळावर नेऊन टाकल्या, काम चालू असलेल्या पण. आता गिऱ्हाईक येऊन विचारतं, माझी गाडी कुठाय. — ती खिडकीतून बघत होती. एकेक गाडी उचलली जाताना बघत होती. तेव्हापासून आतल्या खोलीत हाय, कडी लावून. ताट दाराशी ठेवते, कधी घेते, कधी तसंच. मी दाराला कान लावून बसते. आतून हालचाल ऐकू आली की उठते, कामाला लागते. लोकांच्या बाळंतिणी बघते मी, आणि माझी पोर जिवंत हाय का ते लाकडाला कान लावून बघते.

काय? … नाय. भेटायचं-बिटायचं काय नाय. तिला तुमचं तोंड बघायचं नाय. बोलली ती तसं. म्हणजे — बोलली नाय, पण आई हाय मी, मला कळतं. फोन? हो, आले तुमचे फोन. तिचा फोन माझ्याजवळ हाय, मीच कट करायचे, आणि पुढं पण करेन. काय बोलता? ती विचारते का? — विचारते! दुसरं काय बोलतच नाय माझ्याशी! दाराआडून तेवढंच — ताईंचा फोन आला? ताई येणार हायत? एवढं होऊन! जिनं माईकवर सांगितलं तिची वाट बघते ही, आणि जिनं जन्म दिला ती दाराबाहेर ताट धरून उभी. मग सांगितलं मी. ताई नोकरी सोडून गेल्या, सांगितलं. जाताना तुझं नाव पण काढलं नाय, सांगितलं. तुझ्यासारख्या छप्पन पोरी असतात त्यांच्याकडं — हो, बोलले! मग काय करायचं होतं मी? तिनं तुमाला सांगितलं, मला नाय सांगितलं, ते मला सहन होत नाय, बास, ते तुमचं ट्रेनिंग, ते मास्तर, ते सगळं गेलं खड्ड्यात, हे एवढंच खरं, आता उठा आणि —

…आरोही.

कधी आलीस गं? अगं, ह्या मॅडम सहज — नाय, मी काय म्हणत होते —

हं?

मी? … मी आत जाऊ?

बरं. जाते. जाते बोलले ना. — तुमी कशाला उठता, मॅडम? बसा तुमी. ती तुमाला नाय बोलली. मला बोलली.