फिलोमेनाची माप्पीना

या, असे जवळ सरका. अमेरिकेतल्या नेवार्कच्या मासळीबाजारातली एक गोड गोष्ट सांगतो. नाताळच्या आदल्या दिवशीची सकाळ. खारवलेला कॉड घ्यायला असुंता आजी नातीसोबत रांगेत उभी होती.

"आजी, आज रोमहून माझ्या सासरची माणसं जेवायला येताहेत. तू आपली इंग्रजीतच बोल हं."

"का गं? माझ्या इटालियनला काय कीड लागली?"

"अगं, फडक्याला 'माप्पीना' म्हणतेस. कॉलेजात आम्हाला वेगळाच शब्द शिकवला. हसतील ते!"

"मग मी गप्पच बसते. जेवणाआधीची प्रार्थनाही तूच म्हण, स्टुनाद कुठली!"

मागे उभे असलेले म्हातारेबुवा पुढे झाले.

"बाई, काय म्हणालात?"

"स्टुनाद म्हणाले. बावळट."

"मुळात त्याचा अर्थ बेसूर हो! ज्याचा सूर सुटला, तो स्तोनातो; त्याचंच हे स्टुनाद. आणि माप्पीना! मी नेपल्सजवळचा, लेकीकडे आलोय. आमची आई माप्पीना घेऊनच मागे धावायची."

"आमचीही! ओली करून हाणायची!"

"ओलीच जास्त लागते!"

दोघं इतकी हसली, की मासळीवाल्याची सुरी थांबली.

"आजी, प्रार्थना तूच म्हण. तुझ्याच बोलीत," नातही हसत म्हणाली.

"आणि रोमवाल्यांना नाही कळली तर?"

"देवाला कळते ना, बाई!" म्हातारेबुवा म्हणाले.

त्या रात्री आजीनं प्रार्थना म्हटली, अगदी खड्या आवाजात. तेव्हा मंडळी, इटलीहून बोटीतून आपली बोली बोचक्यात बांधून आणणाऱ्या तिच्या आईची, फिलोमेनाची, पानावर बसताना आठवण ठेवा.