सोफ्यावरचा भुंगा

माझं लग्न कसं जमलं ते सांगतलं तं लोकाइले खोटं वाटते. मी खेळण्यातले रबरी भुंगे जमवतो, हे तं तुम्हाले माहीतच आहे. डोणगावचे पाहुणे पोरगी घेऊन घर पाहाले येणार, म्हणून आईनं सारे भुंगे कपाटात कोंबले. शिंगवाला एक सोफ्यावर राहून गेला.

पोरीचे वडील नेमके त्याच्याच बाजूले बसले. पोहे खाता खाता त्यांची नजर गेली. कास्तकार माणूस, शेतात कीड दिसली का मारणारा. उठले, दारातून चप्पल आणली अन् हाणली. भुंगा उडून आईच्या पोह्यात पडला. त्यांनी पोह्यावरही हाणली.

पोरीनं भुंगा उचलून पुसला. "बाबा, हा रबराचा आहे."

"मंग घरात काऊन ठेवला?"

आई खाली पाहून राह्यली. म्हटलं, आता स्थळ गेलंच. "मी जमवतो," म्हणून कपाट उघडलं. पोरगी उठून जवळ आली अन् एकेक भुंगा हातात घेऊन पाहू लागली.

वडिलांनी कपाट पाह्यलं, पोरीचं तोंड पाह्यलं. मंग बायकोले म्हणाले, "दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, भुंगेच तं जमवते. देऊन टाकू."