बांगड्यांना गप्प बसवणारा कोट

हॅलो?… हॅलो, येतंय का ऐकू?… अहो, फोन कानाला लावा नं. समोर धरलाय तुम्ही, मला नुसतं तुमचं कपाळ दिसतंय. तो व्हिडिओ बंद करा… लाल नाही, लाल नाही! त्याच्या शेजारचं… हां. आता बोला.

मी बरी आहे. चहा झाला… इथं सकाळ आहे, रविवारची. तुमच्याकडे दिवेलागण झाली असेल… लावला देवापाशी दिवा? बरं केलंत.

आवाज असा कसा म्हणजे?… झोपेत नाही हो. निवांत आहे. कालपासून अशीच आहे मी. चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, आणि शोधावासाही वाटत नाही. खिडकीत बसलेय. बाहेर गवतावर पांढरं दहिवर पडलंय. युनिव्हर्सिटीची बस गेली आत्ता, आत एक चिटपाखरू नव्हतं. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी बघतच बसले…

सांगते नं. पण आधी कबूल करा, ओरडायचं नाही… करा कबूल… बरं. काल मी रेणूबरोबर जंगलात गेले होते.

हो, त्याच. शिकारीच्या… हॅलो?… अहो?… आहात नं?

बाप्पा! ओरडायचं नाही ठरलं होतं आपलं.

तिनं नाही नेलं. मीच म्हटलं, मला यायचंय… का म्हणजे? वर्ष होत आलं, तुम्ही पोरीशी बोलत नाही. एका फोटोवरून. नारिंगी टोपी घालून मेलेल्या हरणाशेजारी बसलेली आपली रेणू. तो बघून मलाही दोन दिवस घास गिळवला नव्हता… माहीत आहे, आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बाजार मीच करते, मला काय सांगता? पण म्हटलं, जिच्यापायी बापलेकीत भिंत उभी राहिली ती गोष्ट एकदा डोळ्यांनी बघून तरी येऊ.

थंडी?… अहो, तेच तर सांगतेय. कोट. तो कोट अंगात होता म्हणून…

नाही हो, नवा नाही घेतला. खाली डोरिस राहते नं, रेणूची घरमालकीण, तिच्या आईचा आहे. डोरिसला स्वतःला पणतू झालाय, आता तुम्हीच करा हिशोब… तर! आधी तिची आई घालायची, मग डोरिस, आता रेणू मागून नेते. काल रेणूनं तो मला दिला आणि स्वतः दोन स्वेटरांवर जाकीट चढवून आली.

शोभत कसला असेल! साडीवर नव्हता हो, आत रेणूची पँट घातली होती. वर नारिंगी बंडी, डोक्यावर नारिंगी टोपी. अमेरिकेत तसा नियमच आहे, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसायला हवा, हरणाला तो रंग कळत नाही म्हणे… हसा, हसा. तुमच्या त्या कार्यालयातल्या चौकीदारासारखीच दिसत होते.

पण काय सांगू तुम्हाला, असा कोट मी जन्मात घातला नव्हता. जड आहे. पण त्रास देणारा जड नाही… कुणी खांद्यांवर हात ठेवून म्हणावं, बस गं जरा, तसा. आणि मी बसले.

कापड?… मला वाटलंच तुम्ही विचाराल. मेणकापड… नाही नाही, आपण जेवणाच्या टेबलावर घालायचो ते नव्हे. जाड, तंबूचं असतं तसं, आणि त्यात मेण मुरवलेलं. पाणी पडलं की घरंगळून जातं… हो, शिवण दुहेरी आहे. उलटून बघितली मी, तुमच्यासाठी. एका कोपराला ठिगळ आहे, पण तेही इतकं नीट बसवलंय की हात फिरवला तरच कळतं… चेन नाही, बटणं आहेत. काळी पडलेली, पितळी… घासायची कशाला? चमकली तर हरणाला दिसतील!

धूत नाहीत हो तो. कधीच नाही… घाण काय त्यात? घोंगडी धुता का तुम्ही?… मग!

बूट रेणूचेच होते, दोन मोजे घालून… हो, चामड्याचे. तळवे नवे बसवून घेतलेत तिनं. टाकून देत नाही ती. कुणावर गेलीय ते मी सांगायला नको.

बरं, बरं. राहिलं.

अहो, ऐका नं, गंमत ऐका. निघताना काळोख होता. मी आंघोळ करून नेहमीसारखी उदबत्ती लावायला गेले, तर रेणू म्हणते, आई, नको! वास कपड्यांना लागेल, हरणाला लांबून कळतो. डोक्याला तेल नाही, पावडर नाही. साबणसुद्धा बिनवासाचा. आणि मग माझ्या हातांकडे बघत म्हणते, आई, बांगड्या.

हो नं! काचेच्या. वाजतात म्हणे. काढ.

मी म्हटलं, काढणार नाही. तुझा बाप तिकडे नागपुरात ठणठणीत बसलाय, मी भुंडे हात घेऊन जंगलात जाऊ?… तर काय! तुम्ही बोला न बोला, बांगड्या तुमच्या नावाच्या आहेत.

ती हटेना. मी हटेना. दारातच अडलो दोघी. मग तिनं माझा हात धरला आणि कोटाची बाही उलटून दाखवली. आतून लोकरीची विणलेली पट्टी आहे, मनगटाला घट्ट बसणारी, बर्फ आत शिरू नये म्हणून. तिनं एकेक बांगडी त्या पट्टीत सरकवली. हळूच. लहानपणी मी तिला भरायचे नं, तशी. मग म्हणाली, हलव हात… हलवला. आवाज नाही! एक किण्ण नाही. दोघी इतक्या हसलो की डोरिस जागी झाली.

हो… मलाही ऐकताना बरं वाटलं तिचं हसू. महिना झाला मला इथं येऊन, पहिल्यांदाच असं हसली.

मग काय, बसलो. झाडाला टेकून, खाली एक जाड गादी. उजाडायचं होतं… बोलायचं नाही. हलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही… दुपारपर्यंत… हो, मी! गप्प! हसताय काय एवढे? ठसका लागेल, पाणी प्या.

कोट तुमच्यासाठी पाठवून देऊ? घरात शांतता राहील?… कळतात हं मला टोमणे.

पण खरं सांगू का?… मी आजवर अशी बसलेच नव्हते हो. बसले तरी हातात काहीतरी असतं, शेंगा सोलायच्या, वाती वळायच्या. काल दोन्ही हात खिशात. खिशाला आतून मऊ कापड आहे. थंडी होती, दिसत होती, पानापानावर होती, पण कोटाच्या बाहेरच. आणि मग उजेड आला… कुठून आला कळलंच नाही. आधी नुसतं राखाडी. मग एक झाड दिसलं, मग त्याच्यामागचं. पान गळलं तर तेही ऐकू येत होतं. मला वाटलं, मी कुणाची आई नाही, बायको नाही, कुणाची कुणीच नाही, नुसती आहे… नाही, वाईट नाही वाटलं. फार छान वाटलं.

मधे डोळा लागला माझा. स्वप्न पडलं… तुम्हीच होता. शेजारी बसलेले, नारिंगी टोपी घालून. आणि गप्प! मी स्वप्नातही घाबरले, म्हटलं ह्यांना बरं नाही की काय. तर तुम्ही माझ्या बाहीत बोट घालून बघत होता, पट्टी किती घट्ट आहे ते…

अहो?… काही नाही, वाटलं फोन कट झाला.

हरीण? नाही आलं. एक खार आली फक्त.

आलं असतं तर?… मारलं असतं तिनं. हो. खोटं कशाला बोलू? बंदूक मांडीवर होती. रीतसर परवाना आहे तिच्याकडे. मी विचारलं तिला, का गं? तर म्हणते, आई, ह्या भागात हरणं इतकी झालीत की नवं झाड वर येऊच देत नाहीत. कोंब फुटला की खातात. ज्या झाडांवर मी पीएचडी करते त्यांची पिल्लंच नाहीत इथं… मला नाही पटलं अजून. तसं सांगितलंही तिला. मटण शिजवेल त्या दिवशी मी खाली डोरिसकडे पोळी खाईन म्हटलं. पण पुढच्या शनिवारी ती गेली तर मी जाणार. आलं हरीण, मारलं तिनं, तर मी शेजारी बसलेली असेन. माझी लेक आहे ती. पटलं नाही म्हणून एकटी सोडू?

हं… बोला… नाही, बोला तुम्ही.

“तिला सांग, सांभाळून राहा”… हे बघा, हे आता बंद. मी नाही सांगणार. वर्षभर तुमचे निरोप तिला, तिचे तुम्हाला. ती रोज विचारते, बाबा जेवले का, बीपीची गोळी घेतली का. तुम्ही विचारता, गाडी हळू चालवते का. दोघंही मला विचारता. मला कंटाळा आलाय हो. रडू येतं मला कधीकधी, खरंच सांगते.

हं.

हं… काय?

मेण? कोटाचं?… दर वर्षी लावावं लागतं. आत्ता तेच चाललंय तिचं, बाहेर पायरीवर. डबा गरम पाण्यात ठेवलाय, फडक्यानं घासून घासून लावतेय… काय म्हणालात?… उन्हात वितळतं का?… नागपूरच्या?

अहो, नागपूरच्या उन्हात कशाला जाईल तो को…

बरं. बरं. नाही हसत.

पण मला कसं ठाऊक असणार? जिला ठाऊक आहे ती दहा पावलांवर बसलीय… नाही. मी नाही विचारणार. तुमचा प्रश्न, तुम्ही विचारा… मग नका विचारू. राहील तुमचं मेण तसंच…

थांबते की. मला कुठे घाई आहे?

हो?… नक्की?… ठेवायचा नाही हं फोन. तुम्हाला माझी शपथ. उठतेय मी, दार उघडतेय…

रेणू! अगं, हे घे… राहू दे मेणाचे हात, तसाच धर. बाबा… नाही गं, माझ्याशी नाही, तुझ्याशी… हो, तुझ्याशीच… अगं, रडतेस काय अशी? त्यांना मेणाचं विचारायचंय. बोल.