पेटीपर्यंतची चाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, नगराध्यक्ष माननीय होसोमीसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे आपले खासदार कजितानीसाहेब आणि वहिनी, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि सुशीच्या ताटांवर नजर ठेवून बसलेल्या माझ्या मियाझूकर बंधुभगिनींनो,

मी उत्सुमी. माझं साकेचं दुकान सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांचा प्रचार तिथूनच चालायचा, म्हणून त्यांच्या कार्याबद्दल मीच बोलावं असा आग्रह झाला. अडचण एवढीच, की ते कार्य हल्ली मलाच नीट कळेनासं झालंय.

आता बघा. एकोणीसशे चोपन्न साली आपल्या जपानचं स्वसंरक्षण दल उभं राहिलं, तेव्हा संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने ठराव केला की हे दल समुद्रापार जाणार नाही. त्या ठरावासाठी तरुण कजितानीसाहेबांनी किती जणांचे उंबरठे झिजवले! पुढे संरक्षण समितीत त्यांनी तो तळहातावरच्या फोडासारखा जपला. आणि अडतीस वर्षांनी, यंदा, त्याच दलाला शांतिसेना म्हणून परदेशी धाडायचा कायदा आला, तर त्याचा मसुदा कोणी घडवला? साहेबांनीच. मग यातले आपले साहेब कोणते म्हणायचे?

मतदानाचा दिवस तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. विरोधकांनी बैलचाल धरली. मताची लाकडी पट्टी घेऊन पेटीकडे इतकं हळू जायचं, की कायदा रखडलाच पाहिजे. ते विरोधकांचं नेहमीचंच. पण बघतो तर काय, सत्ताधारी बाकांवरून आपले साहेबही बैलचालीनेच निघालेले! मागून पक्षाची माणसं रेटतायत, समोरून विरोधक टाळ्या पिटतायत, आणि साहेब आपले पाऊल उचलतात नि तिथंच टेकवतात. शेवटी पेटीत पट्टी टाकली ती पांढरी. म्हणजे होकाराचीच.

पक्षाने सांगितलं, गुडघा दुखतो. वहिनी म्हणाल्या, कसला गुडघा, देवळाच्या पायऱ्या माझ्या आधी चढतात. गावात अजून यावर हशा पिकतो. मला मात्र हसू येत नाही. माझा मुलगा शुइची त्या दलात रस्ते बांधतो. तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलाय. पुढच्या आठवड्यात तो कंबोडियाला निघालाय. त्याची आई, ताए, रोज मला एकच विचारते, तुमचे साहेब त्याला पाठवायला राजी होते की नव्हते? काय सांगू मी तिला?

म्हणून मघाशी आत चहा घेताना साहेबांनाच विचारलं. साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मसुदा लिहिताना वाटत होतं, हेच बरोबर. पट्टी हातात आली नि खात्री गेली. म्हटलं, पेटीपर्यंत पोचेस्तोवर ठरेल."

"मग ठरलं?"

"नाही. पेटी आली."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? आणि साहेबांची दयाही आली. दोन्ही एकदम कसं येतं, कोण जाणे.

असो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. साहेबांना उदंड... अहो साहेब, कुठे निघालात? पायरी जपून.

मंडळी, मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. साहेब तिसऱ्या रांगेपाशी जाऊन शुइची आणि ताएसमोर कमरेत वाकून उभे आहेत. शुइचीही वाकलाय. ताए, अगं, तूही वाक. मोठ्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये.

बरं, राहू दे. नको वाकूस.

मंडळी, माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आता तिच्या वतीने तुमची क्षमा मागावी की साहेबांच्या वतीने तिची, ते काही मला कळत नाहीये.