बंदुकांच्या कपाटाची किल्ली

नवऱ्याची कुठली वस्तू घरात कुठे आहे, हे तुला माहीत असतं ना गं? मलाही असतं, आणि तेच नडलं.

कार्डिफला आमच्या यांचं बंदूकदुरुस्तीचं वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा यांनी घरच्या गॅरेजमध्येच शेतकऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचं ठरवलं. गल्लीत गाड्यांची गर्दी होईल म्हणून शेजाऱ्यांनी कौन्सिलला पत्रं लिहिली. घरी धंदा करायची कौन्सिलची परवानगी मिळायलाच आठ महिने गेले. मग राहिलं पोलिसांचं लायसन्स. त्यांचा ऑफिसर घर बघायला आला. वयस्कर, भला माणूस. बंदुकांचं लोखंडी कपाट त्यानं हलवून पाहिलं आणि चहा घेताना मला सहज विचारलं, "याची किल्ली कुठे असते?"

मी लगेच म्हटलं, "देवघरात, गणपतीच्या मागे. आणून देऊ?"

यांनी कपाळावर हात मारला. ऑफिसरनं कप खाली ठेवला. "मॅडम, ते फक्त यांनाच माहीत हवं. बायकोलासुद्धा नाही. मला नकार लिहावा लागेल."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते बघून तो यांना म्हणाला, "उद्याही मी याच भागात आहे. आजच नंबरचं कुलूप बसवून घ्या. फक्त लग्नाची तारीख ठेवू नका, मॅडम लगेच ओळखतील."

हे म्हणाले, "ती मला आठवतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसर आला, त्यानं मला नंबर विचारला, मी "माहीत नाही" म्हटलं आणि त्यानं कागदावर सही केली.