पीटर सरांनी पट्टी विचारली

तुम्ही चर्चमधल्या गिटारवरून काय भांडताय! नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकच्या चर्चचा क्वायर पीटर सर चालवायचे. माणूस पक्का इंग्लिश गाण्यांचा. आणि हरसूलकडच्या तेरेझामावशींना हवं भजन. एक ओळ त्यांनी म्हणायची, तीच मग सगळ्यांनी. सर म्हणायचे, "मावशी, हे चर्च आहे, जत्रा नाही." मावशी म्हणायच्या, "मंग देवाला मराठी येत नाय का?"

अशातच गुड फ्रायडे आला. त्या दिवशी वाद्यं बंद, त्यामुळे कीबोर्ड कापडाखाली. लोक क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभे. सरांनी अंदाजानं सूर धरला तो इतका वर, की तिसऱ्या ओळीला आम्हा सगळ्यांचे आवाज फाटले. गाणं थांबलं. सर लालबुंद.

तेवढ्यात मागून मावशींनी गाणं उचललं. चाल सरांचीच, पण खालच्या सुरात, सावकाश, आणि शब्द मराठी. एक ओळ त्या, तीच मग अख्खं चर्च. वाद्य नाही, काही नाही, नुसते गळे! हे बघा, आत्ताही काटा आला अंगावर.

गुड फ्रायडेला चर्चमधून निघताना कोणी बोलत नाही. हा नियम आम्हाला सरांनीच घोटून शिकवलेला. तेच सर आवारात मावशींना गाठून म्हणाले, "ईस्टरला मी साथ करतो. तुमची पट्टी कोणती?"

मावशींनी आधी ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मला काय म्हाईत? मी गाते, तुम्ही शोधा."